टोकियोत ऐकिदो शिकायला निघालात? आधी पडायला शिका

टोकियोतल्या निशिकासाईत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर एप्रिलमध्ये मला विचारतंच, "तू ते हात पिरगाळायचं काहीतरी करतेस ना? मलाही यायचंय, कसं करायचं?" एप्रिलमध्ये इथे सगळं नव्याने सुरू होतं, शाळा, नोकऱ्या, बदल्या, आणि माणसांचे संकल्पही. 'ते काहीतरी' म्हणजे ऐकिदो, एक जपानी युद्धकला. दरवेळी तेच तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी सुरुवात केली तेव्हा सदतीस वर्षांची होते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, जपानी कामचलाऊ, खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता. दोन वर्षांपूर्वी शोदान म्हणजे पहिला काळा पट्टा मिळाला. मधल्या वाटेवर ज्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या तरी तुम्हाला टाळता याव्यात.

१. आधी नावाचा अर्थ समजून घ्या

उच्चार अ-इ-कि-दो. (माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "ऐकी-दो? मग जरा ऐकत जा की.") 'अइ' म्हणजे जुळणं, एकत्र येणं. 'कि' म्हणजे श्वास, चैतन्य, जोर. आपल्या 'प्राण' शब्दाच्या जवळ जाणारं काहीतरी. 'दो' म्हणजे वाट. समोरचा जो जोर घेऊन येतोय त्याला आडवं न जाता त्याच्याशी जुळवून घ्यायचं आणि त्याचा तोल घ्यायचा, असा साधारण अर्थ.

ही कला उभी केली मोरिहेई उएशिबा यांनी. जन्म 1883 मध्ये वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावी, मृत्यू 1969 मध्ये. सगळे त्यांना 'ओ-सेन्सेई' म्हणजे थोर गुरुजी म्हणतात. तरुणपणी होक्काइदोत ते शेतीच्या वसाहतीसाठी गेले होते. तिथे 1915 मध्ये त्यांची गाठ ताकेदा सोकाकु यांच्याशी पडली आणि ते दाइतो-र्‍यू नावाचं जुजुत्सु, म्हणजे निःशस्त्र झटापटीची जुनी विद्या, शिकले. आपण आज जे मनगट पिरगाळतो त्याचं मूळ तिथे. पुढे ओमोतो-क्यो या पंथाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, आणि हाणामारीच्या विद्येत 'समोरच्याला इजा न करता थांबवणं' हा विचार शिरला. टोकियोतल्या वाकामात्सु-चो भागात 1931 मध्ये त्यांचा कोबुकान दोजो (दोजो म्हणजे आपली तालीम) उभा राहिला. आजचं होंबु दोजो, म्हणजे मुख्य केंद्र, त्याच जागेवर आहे. 'ऐकिदो' हे नाव मात्र अधिकृतपणे 1942 चं.

हे सगळं कशाला सांगतेय? कारण पहिल्या महिन्यात तुम्हाला नक्की वाटणार, "हे काय, समोरचा स्वतःहूनच पडतोय!" त्या शंकेचं उत्तर या इतिहासात अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं सातव्या पायरीत.

२. कुठली शाखा, ते ठरवा

दुकानावर पाटी 'मिसळ' एवढीच असली तरी पुणेरी आणि कोल्हापुरी वेगळी, तसंच इथे आहे.

ऐकिकाइ ही मूळ आणि सर्वांत मोठी संस्था. उएशिबांचे नातू मोरितेरु उएशिबा तिचे आजचे प्रमुख, त्यांना 'दोशु' म्हणतात. इथे स्पर्धा नसतात. योशिनकान ही गोझो शिओदा यांनी 1955 मध्ये सुरू केलेली शाखा. हालचाली ठाशीव आणि कवायतीसारख्या मोजून-मापून. टोकियो पोलिसांच्या दंगलविरोधी पथकातले जवान जो वर्षभराचा कडक अभ्यासक्रम करतात, तो याच शाखेचा. वासेदा विद्यापीठातल्या केंजी तोमिकी यांच्या शाखेत स्पर्धा असतात, एकाच्या हातात मऊ सुरी असते आणि दुसरा निःशस्त्र. कोइचि तोहेइ 1974 मध्ये ऐकिकाइतून बाहेर पडले, त्यांच्या शाखेचा भर 'कि'वर.

माझं मत विचाराल तर: पहिल्यांदा शिकताना शाखेपेक्षा घरापासूनचं अंतर बघा. पाऊण तासाच्या आत पोचता येईल असाच दोजो टिकतो. मी स्वतः आधी नाव मोठं म्हणून दोन गाड्या बदलून जायचे. तीन महिन्यांत दांड्या सुरू झाल्या.

शक्य असेल तर मे महिन्यात कुदानशिताजवळच्या निप्पोन बुदोकानमध्ये ऐकिकाइचं अखिल जपान प्रात्यक्षिक असतं, ते एकदा बघून या. पन्नाशी-साठीतल्या बायका धिप्पाड तरुणांना अलगद आडवं करताना दिसल्या की "आपलं वय झालं" हे वाक्य घशातच अडकतं.

३. आधी बघायला जा, लगेच पैसे भरू नका

इथे दोन शब्द लागतात. 'केंगाकु' म्हणजे नुसतं बसून बघणं, 'ताइकेन' म्हणजे एक तास करून बघणं. फोनवर किंवा दारात एवढंच म्हणा: "केंगाकु शितेमो ई देस का?" म्हणजे, बघायला आलं तर चालेल का? आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

मोठे दोजो बाजूला ठेवले तरी वॉर्डाच्या क्रीडाकेंद्रातल्या बुदो (युद्धकलांच्या) हॉलमध्ये स्थानिक संघांचे वर्ग चालतात. फी बरीच कमी, शिकवणारे अनेकदा सेवानिवृत्त आजोबा, आणि इंग्रजीची आशा ठेवायची नाही. पण शिकवणं हातानेच चालतं, त्यामुळे भाषेवाचून फारसं अडत नाही. जपानी सुधारायला मला तरी शिकवणीपेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

बघायला गेलात की तंत्र बघू नका, कळणार नाहीच. हे बघा: नवख्या माणसाला कोण आणि कसं पाडतंय? जुने विद्यार्थी त्याच्या वेगाने चालतायत की आपली हौस भागवून घेतायत? कुणी हात आपटून 'बस' म्हटलं की पकड त्याच क्षणी सुटते का? कुणाच्या गुडघ्याला, मनगटाला पट्ट्या बांधल्यात का, आणि अशा किती जणांच्या? एका ठिकाणी मी मोजल्या, वीसपैकी सात. तिथून नमस्कार करून परत आले.

४. कागदपत्रं आणि पैसे

लागतं ते असं:

- रहिवासी कार्ड (झाइर्‍यू कार्ड) आणि त्यावरचाच पत्ता
- एक-दोन छोटे फोटो, काही ठिकाणी
- बँक खात्याचा तपशील. मासिक फी बऱ्याचदा खात्यातून आपोआप कापली जाते
- शिक्का (इनकान); आता अनेक जण सही चालवून घेतात, पण असेल तर न्या
- घरच्या कुणाचा तरी आणीबाणीचा फोन नंबर, जपानमधला
- क्रीडा अपघात विमा. बहुतेक दोजो गटाने काढतात, प्रौढांना वर्षाला दोन हजार येनच्या आसपास

विम्यात एक गंमत आहे. त्याचं वर्ष 31 मार्चला संपतं, तुम्ही कधीही सामील झालेले असा. फेब्रुवारीत भरलेले पैसे दोन महिन्यांत वाया जातात, तेव्हा घाई नसेल तर एप्रिलपर्यंत थांबा.

आता मोठा खड्डा. भारतात सुट्टीवर जाताना 'क्यूकाइ' म्हणजे रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो, आणि सोडताना 'ताइकाइ'चा. नुसतं जायचं बंद केलं तर फी कापली जात राहते. मी दिवाळीला पाच आठवडे पुण्याला गेले होते. सांगितलं होतं तोंडी, तेही सेन्सेईंना. ते हसून "सावकाश या" म्हणाले. परत येऊन पासबुक भरलं तर दोन महिन्यांची फी गेलेली. चूक कुणाची? माझीच, नियम फॉर्मच्या मागे छापलेला होता. फॉर्मचं मागचं पान फोनने भाषांतर करून वाचा.

५. कपडे: पहिल्या दिवशी काहीच विकत घेऊ नका

पहिला महिनाभर ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट चालतो. टिकाल याची खात्री वाटली की मग 'दोगि' म्हणजे सरावाचा पोशाख घ्या. साधा पाच-सात हजार येनपासून मिळतो. ज्युदोचा जाड असतो, कराटेचा पातळ. ऐकिदोत बाही आणि कॉलर धरून ओढाओढ होते, तेव्हा ज्युदोच्या घाटाचाच घ्या. सुती असेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटतो. मापाला अगदी बरोबर बसणारा घेतलात तर पावसाळ्यापर्यंत नडग्या उघड्या.

नेसताना डावी बाजू वर, उजवी आत. उलटं नेसवतात ते मृतदेहाला. मी पहिल्याच दिवशी उलटं करून बाहेर आले आणि एका आजीबाईंनी काही न बोलता मला खांद्याला धरून परत आत नेलं. बायकांनो, आपल्या ब्लाउज-कुर्त्यांच्या सवयीने हात हमखास चुकतो. आतून टी-शर्ट घालायला विसरू नका.

दागिने सगळे काढायचे, म्हणजे सगळेच. अंगठी, बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, मनगटातला गंडादोरा. पकडीत बोट अडकलं की अंगठी कापावी लागते. मी मंगळसूत्र चष्म्याच्या डबीत ठेवते. हातापायांची नखं त्याच दिवशी कापलेली हवीत. ही गोष्ट कुणी तोंडावर सांगणार नाही, पण जोडीला यायला टाळतील.

पायात 'झोरि' म्हणजे सपाट चपला. स्वच्छतागृहापासून चटयांपर्यंत अनवाणी यायचं नाही. चटईवर चढताना चपला मागे वळून अशा लावायच्या की उतरताना सरळ पाय घालता येईल.

६. पहिला तास कसा जातो

दहा मिनिटं आधी पोचा. दारात, मग चटईवर पाय ठेवताना वाकून नमस्कार. समोरच्या भिंतीवर ओ-सेन्सेईंचा फोटो असतो, त्या बाजूला 'कामिझा' म्हणतात. "हे पूजा करण्यासारखं नाही का?" असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. तालमीत उतरताना मल्ल माती कपाळाला लावतो, तेवढंच समजा.

मग सगळे रांगेत 'सेइझा'त बसतात. हे आपलं वज्रासन. इथे आपली मंडळी जपान्यांना चकित करतात, कारण हल्लीच्या जपानी तरुणांनाही ते फार वेळ जमत नाही. पाय बधिर झाले तर मात्र उठायची घाई करू नका. बधिर पायावर उठताना घोटा मुरगळलेले दोन जण मी पाहिलेत.

सुरुवातीला सगळे एकदम "ओनेगाइ शिमासु" म्हणतात, शेवटी "दोमो अरिगातो गोझाइमाश्ता". बाकी जपानी येत नसलं तरी ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. मग अंग मोकळं करणं, पडण्याचा सराव, आणि सेन्सेई एखादं तंत्र करून दाखवतात: उजवीकडून, डावीकडून, 'ओमोते' म्हणजे समोरून आत शिरून, 'उरा' म्हणजे मागे वळून. तुम्ही शेजारच्याला वाकून नमस्कार करायचा आणि सुरू. चार वेळा तुम्ही, चार वेळा तो. पाडणारा 'नागे', पडणारा 'उके'. दोघांनाही आळीपाळीने दोन्ही व्हावं लागतं.

डोक्यात सगळं गोंधळेल. पहिले काही आठवडे फक्त पावलं बघा. हात आपोआप मागून येतात. नवखे हाताकडे बघत बसतात आणि पाय जागच्या जागी रोवलेले, ही ऐंशी टक्के गडबड.

तास संपला की झाडू. सगळे मिळून चटया झाडतात, काळे पट्टेवालेसुद्धा. पाहुण्यासारखे उभे राहू नका, झाडू हिसकावून घ्या. पहिली मैत्री तिथेच होते.

७. पडणं, म्हणजे 'उकेमि'

इथे थोडं थांबून वाचा, कारण लोक ऐकिदो सोडतात ते बहुतेक इथेच. आपण येतो पाडायला शिकायला, आणि महिनाभर आपल्यालाच पाडत राहतात.

मागे पडणं आधी. एक पाय मागे घ्या, त्याचा गुडघा दुमडून टाचेजवळ अलगद बसा, पाठ गोल, हनुवटी छातीला. नजर पट्ट्याच्या गाठीवर. तांब्या कलंडून घरंगळतो तसं पाठीवरून मागे जायचं आणि तसंच परत यायचं. हात मागे टेकायचा नाही, कितीही वाटलं तरी. टेकलेल्या हाताचं मनगट मोडतं.

पुढे पडणं अवघड, आणि आपल्याला जास्तच, कारण शाळेत शिकलेली कोलांटउडी आड येते. कोलांटउडीत डोकं टेकतं आणि माणूस मणक्यावरून सरळ जातो. इथे डोकं चटईला लागता कामा नये. उजवा हात पुढे असेल तर करंगळीची कड, कोपर, खांद्याची मागची बाजू, तिथून तिरकं पाठीवरून डाव्या कुल्ल्यापर्यंत. जानवं जसं अंगावर तिरकं येतं, तशी रेघ. आधी गुडघ्यावर बसून करा, आठवडाभर. खांद्याचं टोकाचं हाड काळंनिळं झालं तर हात सरळ राहतोय, त्याला कमान नाही. 'धप्प' आवाज आला तर मध्ये कुठेतरी अंग सपाट पडलं.

मान दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्या दिवशी उकेमि करायचं नाही. सरळ सांगा, बाजूला बसून बघा. त्यालाही सराव म्हणतात.

आता पहिल्या पायरीतली शंका. उके स्वतःहून पडतो का? काही अंशी हो. तो प्रामाणिकपणे हल्ला करतो आणि तोल गेला की सांधा मोडू देण्याऐवजी सुटकेची वाट घेतो. पूर्ण ताकदीने अडून बसला तर कधीकधी तंत्र लागतच नाही, हेही खरं. ऐकिदोवर टीका होते ती याच मुद्द्यावर, आणि ती सगळीच खोटी नाही. गल्लीत उद्या कुणाशी भिडायचं म्हणून शिकायचं असेल तर ज्युदो किंवा बॉक्सिंग लवकर उपयोगी पडेल. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी मात्र 1930 मध्ये उएशिबांचं काम पाहून आपले काही विद्यार्थी त्यांच्याकडे शिकायला पाठवले होते.

माझं स्वतःचं रक्षण या विद्येने आजवर एकदाच केलंय. जूनचा पाऊस, रस्त्यातलं गटाराचं ओलं लोखंडी झाकण, हातात भाजीची पिशवी, आणि पाय सटकून मी मागच्या मागे. काही ठरवायला वेळच नव्हता. हनुवटी आपली आपण आत गेली आणि पाठ गोल झाली. डझनभर अंडी फुटली, डोकं शाबूत.

८. मनगटं आणि 'बस' म्हणणं

पकडींना सरळ नंबरच आहेत: इक्क्यो, निक्यो, सान्क्यो, योन्क्यो. त्यातला निक्यो लक्षात राहतोच. समजा तुम्ही त्याच्या छातीची कॉलर धरलीत. तो तुमचा हात छातीशी दाबून धरतो, मनगट इंग्रजी 'एस'सारखं वळवतो आणि कमरेतून थोडासाच वाकतो. जोर लावलेला दिसतही नाही, पण कळ मनगटातून कोपरापर्यंत जाते आणि गुडघे तुमची परवानगी न विचारता खाली बसतात.

अशा वेळी मोकळ्या हाताने चटईवर किंवा स्वतःच्या मांडीवर दोनदा, ऐकू येईल असं आपटायचं. दुखायला लागल्यावर नव्हे, ताण आल्याआल्या. पुरुषमंडळी इथे फसतात. दात-ओठ खाऊन सहन करणं म्हणजे मर्दुमकी असं वाटतं, आणि मग तीन आठवडे कीबोर्डवर डाव्या हाताने टायपिंग.

गुडघ्यांचंही तसंच. बसून करायची तंत्रं असतात, त्यात गुडघ्यांवर चालतात, 'शिक्को'. साल निघते. आधीचं गुडघ्याचं दुखणं असेल तर सेन्सेईंना आधीच सांगा: "हिझा गा वारुइ देस." ते उभ्याने करायला सांगतील.

९. परीक्षा आणि पट्टे

काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात. ऐकिकाइत प्रौढांना पाचव्या क्यूपासून पहिल्या क्यूपर्यंत चढत जावं लागतं, मग शोदान. होंबुच्या नियमात प्रत्येक पायरीसाठी सरावाचे किमान दिवस आहेत: पाचव्या क्यूला 30, मग 40, 50, 50, 60, आणि शोदानला 70. एकूण 300. आठवड्यातून दोनदा गेलात तर तीन वर्षं. मला पाच लागली, मध्ये एक बाळंतपण. दिवसांचा हिशेब स्वतःकडेही ठेवा, कार्डावर शिक्का घ्यायला विसरतो माणूस.

पाचव्या क्यूला फार काही नसतं: शोमेनउचि इक्क्यो, शिहोनागे, इरिमिनागे आणि बसून करायचं कोक्यूहो. नावं ऐकून ते तंत्र करता आलं पाहिजे, म्हणून नावं पाठ करा. नाव म्हणजे कृतीच असते: 'शोमेनउचि' समोरून डोक्यावर वार, 'शिहोनागे' चार दिशांना फेकणं, 'इरिमिनागे' आत शिरून फेकणं. एकदा फोड कळली की शिहोनागे आणि इरिमिनागेची गल्लत होत नाही.

डिसेंबरात वर्षअखेरची पार्टी असते, तिला जा. शाकाहारी असाल तर आयोजकाला आठवडाभर आधी कळवा आणि 'मासे पण नाही, सूपमध्ये पण नाही' असं फोड करून सांगा. नाहीतर माझ्यासारखं शेंगा सोलत बसावं लागेल.

१०. भारतात परत जाताना

क्यूची प्रमाणपत्रं आणि सदस्यकार्ड फायलीत ठेवा. शोदान झाला असेल तर होंबुचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबर मिळणारं आंतरराष्ट्रीय पुस्तिकेसारखं ओळखपत्र. ऐकिकाइशी जोडलेल्या दोजोत तेवढ्यावर काम होतं. दुसऱ्या शाखेत गेलात तर पांढरा पट्टा बांधून रांगेच्या शेवटी बसा, तेच विचारतील.

सरावाची लाकडी तलवार आणि काठी न्यायची असेल तर विमानात हातात नेता येत नाही, सामानात द्यावी लागते. काठी सव्वाशे सेंटिमीटरच्या वर असते, कुठल्याही बॅगेत मावत नाही. मी ती पडद्याच्या दांड्यांबरोबर पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवली. मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, पडद्याची दांडी. तो म्हणाला, "तीन आहेत, मग एक एवढी गुळगुळीत कशी?"